संपाशिवाय

मालगंजचा शकील म्हणाला,
संपाशिवाय खारं पाणी टिकत नाही, भिया.
संप म्हटल्यावर मला आठवला आमच्या वीज मंडळाचा,
फाटकासमोर अंथरलेली सतरंजी
आणि घरी उसनी आणलेली तूरडाळ.

त्याचा संप वेगळा.
टाकीखालच्या कपाटात दडवलेली दुसरी टाकी.
वरची घाण भोकातून खाली उतरते,
अंधारात गाळली जाते,
पाहुण्यांना दिसतो नुसता निळा उजेड.

माझ्या टाकीला भोक नाही.
लघाटे डॉक्टरांनी दवाखाना मोडताना दिलेली,
साडेतीन फुटी,
दाढदुखीवाल्यांनी बघून बघून गुळगुळीत केलेली काच.
खाली कपाटही नाही. लोखंडी घडवंची,
तिच्याखाली वसुधेची गव्हाची कोठी.
ती हलणार नाही.

मग वहीत लिहून काढलं.
पाठीवर लटकवायचा फिल्टर, दप्तरासारखा, सदा खळखळणारा.
कॅनिस्टर: गुणी, झाकणबंद,
पण पंधरवड्याला उघडून धुतला नाही
तर आतल्या आत नायट्रेट साठवत बसतो,
थेट माझा थोरला भाऊ.
स्किमर: पाणी फेसाळेपर्यंत घुसळतो
आणि वरच्या कपात देतो चहाच्या रंगाचं काहीतरी.
वसुधा म्हणाली, एवढं होतं त्यात?
होतं.
आणि पाणी तर आरशासारखं दिसत होतं.

शेवटी भिस्त दगडांवर.
बारा किलो, थर्माकोलच्या खोक्यातून आलेले.
त्यांच्या छिद्राछिद्रांत जे जीव राहतात
ते दिसत नाहीत, त्यांना पगार नाही, रविवार नाही.
ते संपावर गेले
तर दीड दिवसात सगळं आटोपतं.
म्हणून वीज गेली की मी मासे बघत नाही,
बॅटरीचा पंप काढून आधी दगडांना वारा घालतो.
मी, ज्याने छत्तीस वर्षं
खांबावर चढून लोकांच्या तारा तोडल्या.

सोमवारी पाणी बदलायचं.
नळाला येते ती नर्मदा, घाट चढवून आणलेली,
समुद्र गाठायच्या आत वळवलेली.
आरओतून काढून निळ्या बादलीत मीठ घालतो,
लाटण्याने ढवळतो (जुन्या, वसुधा, जुन्या),
नळी उजेडाकडे धरून आकडा वाचतो:
एक पूर्णांक शून्य पंचवीस.
तिला जिथं पोचायचं होतं
तिथं ती माझ्या मोरीत पोचते.

मंजिरी सासर सोडून आली
तेव्हा बाहेरच्या खोलीत सरवटे बसले होते, हातात बशी.
तिने बॅग त्यांच्याच शेजारी ठेवली.
आत न्यायला आमच्याकडे आत नव्हतं.
जे काही विचारलं, जे काही रडली,
ते ट्यूबलाइटखाली, टीव्ही बारीक करून.
सरवट्यांनी बशी खाली ठेवली,
पण उठले नाहीत. ते बरं झालं.

उन्हाळ्यात पाणी रोज थोडं उडतं.
मीठ उडत नाही.
हे कळायला मला एक मासा लागला:
आटलं म्हणून मी खारंच ओतत राहिलो,
चौथ्या दिवशी तो दगडामागे आडवा.
आटल्यावर भर घालायची ती गोड्या पाण्याचीच.

रात्री फिल्टर खळखळतो,
वरच्या मजल्यावरचे तक्रार करतात.
मंजिरी खुर्ची ओढून काचेसमोर बसते,
मी चिकटपट्टीवर केलेल्या खुणेशी
बोट लावून बघते.
आज दीड बोट, बाबा.
मी तांब्या आणायला उठतो.