जाडं मीठ

शेपटीची उजवी बाजू कुरतडलेली,
वरचा पर अर्धाच,
डोळ्यामागे तांदळाएवढा पांढरा डाग.
पहाटे साडेपाचला दिवा लावला तेव्हा
एंजल फिल्टरच्या आडोशाला
काचेला टेकून उभी होती, तिरकी.
पाचही टायगर बार्ब
सोज्वळ चेहऱ्यांनी दाण्यासाठी वर आले.

छत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी.
कोण पडलं आणि कोणाला पाडलं
हे मला केसपेपर न वाचता कळतं.

आधी पेशंट वेगळा करायचा.
म्हणून आंघोळीची निळी बादली गेली.
पाणी आदल्या रात्री पिंपात भरून ठेवलेलं,
पालिकेच्या औषधाचा वास उडालेलं.
पाच लिटरला चमचाभर मीठ, तेही जाडं.
वाणी पोत्यात हात घालत म्हणाला,
"कोणाची दृष्ट काढताय, सिस्टर?"
मी हो म्हटलं.

आमच्या भोईवाड्याच्या बिल्डिंगीत
बदामाचं एक झाड आहे,
रामसजीवन रोज त्याला शिव्या घालत पानं लोटतो.
त्यातलं एक लालसर पान मागून घेतलं,
धुतलं, बादलीत सोडलं.
संध्याकाळपर्यंत पाणी कोऱ्या चहासारखं झालं
आणि ती त्या पानाखाली गेली.
पहिल्यांदाच कशाच्या तरी खाली,
कशाच्या तरी मागे नव्हे.

रात्री दोनला बॅटरी रुमालात गुंडाळून
कल्ल्यांची उघडझाप मोजायची.
मिनिटाला एकशे दहा.
कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचं,
दुधाच्या हिशेबाशेजारी.
हे कुशीवर वळून विचारायचे,
"तुझी नाइट अजून संपली नाही का गं?"

पाचव्या दिवशी बाजारात गेले.
कोळीण टोपलीवर हात ठेवून हसली:
"एका कोलंबीत कोणाचं जेवण करतेस गं बाय?"
नखाएवढा तुकडा.
तिने बघितला, सोडला, परत बघितला.
मग खाल्ला.
मला उगाच पदर सारखा करावासा वाटला.

खाट नंबर अकराची यमुना
तीन वेळा न्हाणीघरात घसरून पडली होती.
तिसऱ्या वेळी टाके घालताना विचारलं,
"केवढं आहे गं तुझं न्हाणीघर?"
"तीन बाय तीन," ती म्हणाली,
आणि मग, "सिस्टर, टाके कधी निघतील?"
निघाले, बाराव्या दिवशी.
तिचा नवरा शहाळं घेऊन आला न्यायला,
इस्त्रीचा शर्ट, सगळ्यांना नमस्कार.
कार्डावर "घरी" असं मीच लिहिलं.
अक्षर माझं चांगलं होतं.

कुर्ल्याच्या मुश्ताकभाईंना फोन केला,
मासे त्यांच्याकडचेच.
ते म्हणाले, "सोडायच्या आधी सगळे दगड हलवा,
म्हणजे कोणाची हद्द उरत नाही.
आणि अजून चार बार्ब घेऊन जा,
आपसात भांडत बसतील, हिला विसरतील."
खोटं नसावं. माणूस तीस वर्षं मासे विकतोय.
मी दगड हलवले. नारळाची करवंटी उलटी ठेवली.
तास गेला नसेल,
पाचांनी नवी वाटणी करून घेतली.

शेपटी आता भरून आलीय.
नवी कड सायीसारखी, आरपार दिसणारी,
उजेड पडला की नाहीशीच होते.
कल्ले सत्तर. भूक चांगली.
काल जाळी हातात घेऊन
टाकी आणि बादली यांच्या मधे
बराच वेळ उभी राहिले.
तिकडून पाचही जण वर आले,
तसेच, सोज्वळ.

"बादली मोकळी कधी होणार?"
यांनी साबण हातात धरून विचारलं.
"बघू," मी म्हटलं,
राउंडला डॉक्टर म्हणायचे तसं.

कॅलेंडरच्या चौकोनात तारीख घातली,
वजनाच्या जागी रेघ मारली,
"घरी" लिहायला पेन टेकवलं
आणि टोपण लावून टाकलं.

संध्याकाळी दादरला गेले.
एक बादली आणली. लाल.
आंघोळीला.