प्रश्न क्रमांक सतरा

सरांनी दिलेली प्रश्नावली, तीस विधानं,
प्रत्येकापुढे पाच चौकटी:
कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बहुतेकदा, नेहमी.
एवढ्यात माणसाचं भान मोजता येतं
दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत.

कोरचीच्या पुढे डांबर संपतं.
मे महिना, दुपारचे दोन.
ओसरीवर तेंदूच्या पानांचा ढीग, ढिगामागे
इंदरकला कुंभरे, वय अंदाजे पन्नास.
'इचार पोरी. हात चालू राहू दे माहे.'

काम करताना माझं मन भरकटतं.
'मन गेलं का सत्तरचे अडुसष्ट होतेत.
मुन्शी पुडा बाजूले फेकते.'
म्हणजे क्वचित?
'म्हंजे अडुसष्ट.'

आजूबाजूचे वास मला जाणवतात.
ती हसली. खाटेवरचा म्हाताराही हसला.
'अस्वलाचा वास नाई आला
त मानूस घरी येत नाई.'
मी 'नेहमी'वर खूण केली.
पेन घामानं निसटत होतं.

बाराव्या विधानात
एका 'नाही'च्या पोटात दुसरा 'नाही' होता,
तो मलाच दोनदा वाचावा लागला.
तोवर तिचा एक पुडा बांधून झाला,
पळसाच्या वाकाची गाठ दातांनी ओढून.

मग सतरा.
हातातल्या कामात मी इतकी बुडते
की इतर कशाचंही भान राहत नाही.

हात थांबले.

'मी अना जाऊ, दोघी गेलो होतो. सकारी सकारी.
झाड असं भरलं होतं, पानं ताटाएवढी.
मी तोडतच राहिली.
ते दहा हात मांगं होती.
पलटून पायलं त टोपलं होतं,
चपला होत्या.
आवाज नाई झाला म्हनतेत लोकं.
झाला असल.'

म्हातारा कूस बदलून भिंतीकडे वळला.

'आता तूच सांग पोरी,
माहं लक्ष होतं का नवतं?'

पाच चौकटी.
मी कागद उलटून पाहिला, मागे काही नव्हतं.

तिनं पुढचं पान उचललं.
'एकेचाळीस,' म्हणाली,
'बेचाळीस.'

उरलेले तेरा प्रश्न पटापट झाले.
आभाराचा पेन दिला, तो तिनं नातवाला दिला.
निघताना माझ्या पिशवीत एक पुडा कोंबला:
'मुन्शीनं फेकलेला हाये, कमी भरला म्हने.
राहू दे तुह्याजवळ.'

सर म्हणाले, एखादं रिकामं राहिलंच
तर बाकीच्यांची सरासरी टाक.
टाकली. तीन पूर्णांक चार.

रात्री वसतिगृहात झोप येईना
म्हणून पुडा सोडला,
पानं सतरंजीवर एकेक मांडत गेले.
सत्तर.

दिवा लावून पुन्हा मोजली.
सत्तर.