दोन फूट दहा

दोन फूट दहा.
सातपूरच्या आमच्या शेडचं शटर
मालकानं विटा रचून बंद केलं
आणि पलीकडची बाजू मसाल्याच्या गोदामाला दिली,
तेव्हापासून उरल्या एकुलत्या दाराची रुंदी
मी चौकटीवर ऑइलपेंटनं लिहिली आहे.
आधी लिहायला हवी होती.

इरफान कोकणीनं टेबल आतच जुळवलं,
लोखंडी, वेल्डिंग मारून, देखणं,
तीन फूट रुंद, तीनच फूट उंच.
आडवं करा, उभं करा, कलतं करा,
दारापाशी आलं की ते म्हणायचं, नाही.
कुणीतरी हातोडा मागितला.
दारासाठी की टेबलासाठी, ते बोललं नाही.

करार अकरा महिन्यांचा. भाड्याच्या वाटण्या नऊ.
सकाळी गांगुर्डेबाई खुर्च्यांचा वेत विणतात,
दुपारी नरहरी तांबट पत्रा ठोकतो,
रात्री पॉलिटेक्निकची दोन पोरं येतात,
त्यांचं काय चालतं ते त्यांनाच ठाऊक.
प्रत्येकाला शेडचा मधला भाग हवा.
मधला भाग एकच.

मग मी भद्रकालीच्या भंगारातून
दवाखान्याच्या खाटांची चाकं किलोवर आणली.
दोन सरळ जाणारी, दोन गिरकी घेणारी,
असा जोड प्रत्येकाच्या पायाशी.
जड ते खाली. वेल्डिंग नाही, नटबोल्ट.
सतरा नंबरचा पाना सुतळीनं तिथंच बांधलेला,
म्हणजे शोधाशोधीत भांडण नको.
वायरी वरून, आढ्यातून.

पहिल्याच रात्री ड्रिल मशीन
फरशीच्या उतारानं आपलं आपण निघालं.
सकाळी मोरीपाशी उभं,
तोंड धुवायला आल्यासारखं.

खैरनार हसले नाहीत.
बत्तीस वर्षं अंबडला लेथवर काढलेला माणूस.
म्हणाले, चाकावरचं यंत्र म्हणजे जत्रेतला पाळणा,
काम थरथरतं.
त्यांनी पाण्याचा पेला मशीनवर ठेवला,
बटण दाबलं,
आणि मला पेल्यात बघायला लावलं.

मला वाटत होतं, हलवणं अवघड.
पंधरा दिवस गेले ते थांबवण्यात.
शेवटी चाकांशेजारी आटे पाडलेले पाय दिले,
चार फेरे फिरवले की भार पायांवर,
चाकं जमिनीपासून बोटभर वर.
पेला पुन्हा ठेवला.
खैरनारांनी ते पाणी पिऊन टाकलं.
शाबासकी म्हणून एवढंच.

दहाव्या महिन्यात मालकाचा फोन आला.
गोदामाला जागा वाढवून हवी होती.
छोटा हत्तीच्या चार खेपा, चुंचाळ्यापर्यंत.
सगळं आपल्या पायानं दाराबाहेर गेलं.
लेथ तेवढा पाइपांवरून, इंच इंच,
नऊही जण एका बाजूला, खैरनार समोर,
लहान मुलाला चालायला शिकवतात तसे
उलटे चालत.
इरफाननं टेबल मधोमध कापलं,
बिजागऱ्या लावल्या. कापताना
गॉगल जरा जास्तच वेळ घालून राहिला.

खैरनारांनी एक गोष्ट गाडीत चढवू दिली नाही.
लेथपुढं ते ज्यावर उभे राहायचे ती फळी,
टाचांच्या जागी खोलगट झालेली.
काखेत मारली आणि रिक्षात बसले.
मी चाकांचं नावही काढलं नाही.

नव्या दाराला आधी टेप लावली.
तीन फूट एक.

इरफान शेजारीच उभा होता.
मी टेप सोडली. ती सर्रकन आत गेली.
आकडा त्याच्याच हातानं लिहून घेतला.