गुरुवारची गोळी

डॉक्टर पोरगेलासा. तपासण्याआधी कागद भरायला बसला:
वय एकसष्ट. आमवात. दोन्ही हात, डावा गुडघा.
तंबाखू?
मिश्री होती, म्हटलं, सुटली.
पुढचा प्रश्न दारूचा. तो त्यानं विचारलाच नाही,
माझ्या डोक्यावरच्या पदराकडे पाहिलं
आणि आपणच ‘नाही’वर खूण केली.
मीही त्या खुणेला हात लावला नाही.

घोरपडीच्या कँटीनचं कार्ड अजून चालतं.
हिंदुराव गेले, कोटा गेला नाही;
एवढ्या एका बाबतीत सरकार मेलेल्याला विसरत नाही.
साबण, चहापत्ती, कुकरची रिंग,
आणि पिशवीच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेली रम.
रांगेतल्या बायका एकमेकींच्या पिशव्यांत डोकावत नाहीत.
ही फौजेची शिस्त.

पहिली त्यांनीच दिली, पठाणकोटच्या थंडीत,
खोकल्यावर म्हणून.
खोकला गेला, शनिवार राहिला.
एकच, कोमट पाण्यात, बातम्या संपल्यावर.
दोन एकदाच घेतल्या,
तेराव्याला, पाहुणे एसटीत बसल्यावर.

मग बोटं गेली.
सकाळी उठावं तर मूठ दुसऱ्याच कुणाची.
कणीक राहू द्या, कपाचा कान धरवेना.
बाटलीचं झाकण दाराच्या फटीत धरून पाहिलं,
सांडशीनं पाहिलं,
शेवटी पदराखाली घेऊन शेजारी ॲग्नेसकडे गेले.
तिनं काही न बोलता फिरवलं,
काही न बोलता परत दिलं.
फातिमानगरात इतकी चांगली शेजारीण मिळत नाही.

गोळ्या पिवळ्या, बारीक.
आठवड्यातून एकदाच हं काकू, रोज नाही,
डॉक्टर तीनदा म्हणाला, चिठ्ठीवर लाल पेनानं लिहिलं.
मी गुरुवार धरला, तसाही दत्ताचा वार.
शुक्रवारी दुसरी गोळी, पहिलीची समजूत काढायला.
आणि शनिवार तर होताच.

सातव्या आठवड्यात मूठ वळली.
ब्लाउजचे हुक लागले. कुलपात किल्ली फिरली.
त्या शनिवारी झाकण मी माझ्या हातानं उघडलं,
सील कडकड तुटलं,
आणि एकटीच मोठ्यानं हसले.
गोळीचेच उपकार, तिलाच दगा.
तेव्हा कुठं माहीत होतं.

खोटं कशाला, थोडं माहीत होतं.

लिव्हरचा रिपोर्ट आला. एसजीपीटी एकशे बारा.
काढे घेता का? कुणी पावडर दिली? झाडपाला?
पोरगं खरंच घाबरलं होतं.
गोळी थांबवायला लागेल म्हणाला, बोटं परत धरतील,
माझंच काहीतरी चुकलं असेल, डोस जास्त झाला असेल.
जुने कागद उलटेपालटे करत होता,
स्वतःची चूक शोधत,
आणि चूक घरी कपाटात, टॉवेलात.

मला बघवेना. म्हटलं, तो पहिला कागद द्या.
त्याच्याच गोळीनं सरळ केलेल्या बोटांनी पेन धरलं
आणि ‘नाही’वर काट मारली.
त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
किती?
शनिवारी एक.
सोबत कोण असतं?
हा प्रश्न छापील नव्हता.
बातम्या, म्हटलं.

तो बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसला.
मग नीट सांगितलं: दोन्ही एकाच दारानं जातात,
लिव्हर एकटं आहे.
एकट्यावर किती टाकायचं, हे मला कशाला शिकवायला हवं?

या महिन्याचा कोटा तरीही आणला.
कार्ड वापरलं नाही तर हिंदुराव पुरते गेल्यासारखे वाटतात.
शनिवारी बाटली खाली घेते,
झाकणावर बोटं ठेवून पकड किती आली ते बघते,
परत ठेवते. कोमट पाणी नुसतंच पिते.
वाईट लागतं.

परवा ॲग्नेस म्हणाली, उघडायला आणली नाहीस बरेच दिवस.
म्हटलं, अख्खीच ने.
नाताळच्या केकचे मनुके भिजत घालायचेत तिला.
एक तुकडा मला चालेल का,
हे तेवढं डॉक्टरला विचारायचं राहिलंय.
या वेळी मीच विचारणार, आधी.