तिथीची पाऊणपट

बंद पडलेल्या रिसॉर्टवाल्याने
बर्फाच्या उधारीपोटी टाकी दिली:
चार फुटी काच, दोन पंप, एक हीटर,
आणि खोक्यात पंचवीस किलो मीठ,
कुठल्याशा परदेशी कारखान्यातलं.

नवाबागेत माझ्या खळ्यापासून
समुद्र ऐंशी पावलं.
मी बादलीत मीठ ढवळत बसलो होतो,
शेजारची द्वारकाबाय तारी
सुकटीची टोपली टेकवून म्हणाली,
"समुद्राक ताप इलो काय रे?"

अठरा वर्षं कंप्रेसरवर काढलीत.
आवाजावरून बेअरिंगचं वय सांगतो.
वाटलं, हे तर खेळणं.

पहिल्या दिवशी स्किमरला फेस येईना.
दुसऱ्या दिवशी इतका आला
की मांजर उंबऱ्यावरूनच परतलं.
मग रात्री वीज गेली
आणि वर चढवलेलं पाणी
आल्या नळीने उलटं फिरलं,
खालच्या टाकीत मावेना म्हणून घरात.
गुडघाभर नाही, पण चटई गेली.
दुसऱ्या दिवशी नळीच्या वरच्या वळणाला
दाभणाने भोक पाडलं:
हवा शिरली की ओढ तुटते.
गळती थांबवायला भोक पाडलं
हे कारखान्यात कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी बोटाला मुंग्या.
टेस्टर पाण्यात धरला, पेटला.
हीटरच्या काचेला केसाएवढी चीर.
प्लगच्या पायांवर मीठ चढलेलं,
वायरीला पोट सोडलं,
थेंब भिंतीत न शिरता खाली पडावा म्हणून.

हे सगळं समजण्यातलं.
आवाज मात्र समजेना.

रात्री पंप आधी घरघरायचा,
मग खरखर, मग नुसता हुंकार,
दहा-पंधरा मिनिटं, की पुन्हा गप्प.
खोलला, पंखा बदलला,
लोहचुंबक व्हिनेगरमध्ये भिजवलं,
खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले.
कारखान्याच्या सवयीने वहीत नोंद:
नऊ.
पावणेदहा.
साडेदहा.
व्होल्टेज दरवेळी ठीक.

टाकीत मासा नव्हता, पाणी अजून कच्चं होतं.
होता तो जेटीखालचा एक दगड,
ओबडधोबड, भोकाभोकांचा.

द्वारकाबायने वही उलटी धरून वाचली,
सुलटी केली, बोटांची पेरं मोजली.
"बारस. तेरस. काल चवदस.
तिथीची पाऊणपट कर मेल्या,
भरतीची वेळ ही.
आज सव्वाअकराक बस थंय."

बसलो. बॅटरीवर लाल कागद लावून.
सव्वाअकराला दगडाच्या भोकातून
नखाएवढी कुर्ली बाहेर आली,
वाळूवरून तिरकी चालत गेली
आणि पंपाच्या तोंडाशी,
जिथे पाणी खेचतं तिथे,
पाठ लावून बसली.
पंप घरघरला.

टाकीत पाणी चढत नाही, उतरत नाही.
काचेवर मी स्वतः रेघ मारली आहे,
आटेल तेवढं गोडं पाणी रोज घालतो.
खिडकी बंद होती, चंद्र मागच्या बाजूला.
हिला कोणी सांगितलं?

द्वारकाबायकडून फाटक्या जाळ्याचा तुकडा आणला,
बारीक आसाचा, पंपाच्या तोंडाला बांधला.
वहीत बिघाडासमोर काय लिहावं कळेना,
"पौर्णिमा" लिहिलं आणि सही केली.

आता पंप गप्प असतो.
तरी वेळ झाली की ती येते,
जाळ्याला धरून राहते थोडा वेळ.
मीही कारखान्यातून तसाच निघतो,
रोज पाऊण तास उशिरा.
बायको विचारते, ड्युटी बदलली का?

थर्मामीटर अजून दोन अंश खोटं बोलतोय.
ते उद्या बघू.