अंधारात जोडायचं

तीन दिवस बर्फ कोसळला, तारा तुटल्या,
तीन दिवस आमचं जुनं यंत्र एकटंच
गावापुरतं फिरत राहिलं:
बेचाळीस घरं, एक बेकरी, दवाखान्याचा फ्रीज.
दिवे जरा दबले की
त्सियाला वर न बघता म्हणायची,
"नातेलाची इस्त्री."

चौथ्या पहाटे दरीतून फोन:
लाइन उभी आहे, या.

मी नवा. हात खटक्यावर.
भिंतीवर तीन दिवे, काचेवर माश्यांचे डाग,
उजळत, मावळत, पुन्हा उजळत.
मला वाटलं, लख्ख पेटतील तेव्हा जोडायचं.
"वेड्या गोचा," ती म्हणाली, "उजेड म्हणजे भांडण.
त्यांचं नि आपलं जेवढं जुळत नाही
तेवढाच हा दिवा जळतो.
विझू दे. पुरता विझू दे."

तिनं पाण्याची झडप केसभर फिरवली.
दिव्यांचा श्वास लांबला.
चार सेकंद. सात. अकरा.
अंधार आला, मी नुसता बघत राहिलो,
गेला.
"जाऊ दे, परत येतो.
घाईनं जोडलंस तर हा गडी
पाया उपटून नाचेल."

परत आला.
खटका.

जमिनीतून एक हिसका,
मग घरघर बदलली,
ओझ्याला दुसरा खांदा मिळाल्यावर
हमालाचा आवाज बदलतो तशी.
आता वेग आमचा नव्हता.
धरणाखालची अजस्र चक्रं, मैदानातल्या गॅसच्या भट्ट्या,
सीमेपलीकडची, ज्यांच्याशी आपण बोलत नाही त्यांचीही,
जो तो शेजाऱ्याला थोडं ओढतो
नि त्याच्याकडून थोडा ओढला जातो.
हातवारे करून ठेका देणारं कुणी नाही.
ठेका आहे.

खाली कुठंतरी इस्त्री लागली असेल.
दिवे हलले नाहीत.

त्सियालानं चहा ओतला, दोन पेले,
स्वतःचा तसाच ठेवला.
तिची बहीण इझा सुखुमीला.
लढाईनंतर आधी रस्ता बंद झाला, मग पत्रं,
मग तेराव्या वर्षी फोनवर काहीतरी बोलणं झालं,
ते ती सांगत नाही.

ती काट्याकडं बघत होती.
पन्नासाच्या जरासा खाली,
थरथरत.

"तिनं शेगडी लावली," म्हणाली.