दोन बोटं मोकळी

चियातुराच्या चढावर लामाराबाईंची निवा
नुसती ओरडते. काटा चार हजारांवर,
चाकं मात्र पायी चालणाऱ्याच्या वेगाची.

नुगझार काही विचारत नाही.
हँडब्रेक ओढतो, चौथा टाकतो,
क्लच हळूहळू सोडतो.
इंजिन गचकून बंद पडायला हवं.
पडत नाही.
करपलेला वास तेवढा येतो.

दुपारभर आम्ही गाडीखाली.
गिअरबॉक्स आधी माझ्या छातीवर, मग जमिनीवर.
प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली,
फ्लायव्हीलवर निळे चट्टे.
मी सीलखाली बोट फिरवतो: कोरडं.
तेल गळत असतं तर बरं झालं असतं,
सील स्वस्तात मिळतं.

"पाय पेडलवरच असतो तुमचा."
"छे!"
पिशवीतली तेंदूफळं त्या मोजून बाकावर मांडतात.
सातव्या फळाशी थांबतात.
"झाउरी शेजारी बसायचा. खाणीची शिफ्ट संपवून,
डोळे मिटलेले, तरी प्रत्येक वळणाला म्हणायचा,
तयार राहा."

जुन्या शाफ्टच्या तुकड्यावर
नुगझार नवी प्लेट मधोमध आणतो.
बेअरिंगही बदलतो. ते बिलात लिहीत नाही.
मग पेडल बोटाने दाबून दाखवतो:
"इथपर्यंत काहीच होत नाही, बघा.
ही दोन बोटं मोकळीच राहू द्या."

निवा चढ चढते, आवाज न करता.
पहिल्या वळणापर्यंत मी बघत राहतो.
डावा पाय
रस्त्यावरून दिसत नाही.